कपाटावरच्या सीड्यांचं काय करायचं?

विषय ऐकून काहींना वाटेल, हा कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी. ए., यानं यंत्रांबद्दल कशाला बोलावं? शंका रास्त आहे. मलाही ती होती. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे घडलं त्यात मला हे सगळं शिकावं लागलं, आणि माझ्यासारख्याला जमलं म्हणजे तुम्हाला जमेलच, एवढ्या भरवशावर बोलतो आहे.

तुमच्या घरीही कपाटावर, पलंगाच्या कप्प्यात किंवा टीव्हीखालच्या खणात सीड्यांची एक पिशवी असेल. आमच्याकडे दोन होत्या. माझा भाचा इचलकरंजीहून सुट्टीला सांगलीला आला होता. डिप्लोमा करतो, वय सतरा. त्यानं पिशव्या खाली काढल्या आणि विचारलं, "मामू, यात काय काय आहे?" मोजल्या तर २११ भरल्या. त्यात व्हीसीडी होत्या, डीव्हीडी होत्या, आणि चार-पाच निव्वळ झाकणं होती, आतला माल कुणीतरी नेलेला. बऱ्याचशा सिनेमाच्या. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा आमच्यासारख्या घरांत सिनेमा मुळा-मेथीच्या भावानं येऊ लागला. मी बाजारातून पिशवी भरून आणत असे आणि घरचे मला ओरडत. ती कंपनी आता नाही, २०१८ साली ती अवसायनात काढण्याचा आदेश झाला. तिच्या सीड्या मात्र अजून चालतात.

सिनेमे बाजूला काढल्यावर तेवीस सीड्या उरल्या. लग्नं, साखरपुडे, एक कविसंमेलन, थोरल्या भावाच्या घराची वास्तू, आणि धाकट्या बहिणीचं लग्न. ते मे २००७चं. दोन डीव्हीडी. भाचा म्हणाला, "अम्मी-अब्बूंची शादी? लावा की." हा त्याच लग्नाचा मुलगा. माझे वडील २००९ साली गेले तेव्हा तो पाळण्यात होता. नानांचे फोटो त्यानं पाहिलेत, आवाज कधी ऐकलेला नाही. पहिली सीडी लागली. दुसरी अर्ध्याच्या पुढे गेली आणि अडकली. चित्राचे चौकोनी तुकडे झाले, मग हिरवे पट्टे, मग काळा पडदा.

आता त्या सीडीत काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढची धावपळ कळणार नाही. तेव्हाची लग्नाची शूटिंगं तुम्हाला आठवत असतील. स्टुडिओवाला बदामाच्या आकारात नवरा-नवरी बसवायचा, गुलाब उडवायचा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चढवायचा. माणसांची तोंडं हलतात, आवाज मात्र पार्श्वगायकाचा! चार तासांच्या त्या लग्नात एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत एका ठिकाणी मंडपाचा खरा आवाज राहून गेला आहे. त्यात अब्बा पंगतीशी उभे राहून ओरडतात, "पैले पानी देव रे लोगांकू, खाना बाद में!" जेमतेम चाळीस सेकंद. आमच्या घरात अब्बांचा आवाज एवढाच शिल्लक होता, आणि सीडी तिथंच अडकत होती. स्टुडिओवाल्याला फोन केला. तो आता मोबाइलचं दुकान चालवतो. म्हणाला, कॅसेटी तेव्हा परत परत वापरायचो, मूळ शूटिंग केव्हाच पुसलं गेलं.

सीडी खराब होते म्हणजे काय होतं, हे मी तेव्हा समजून घेतलं. सीड्या दोन जातींच्या असतात, छापील आणि लिहिलेल्या. दुकानातल्या सिनेमाची सीडी छापील. कारखान्यात साच्यानं प्लास्टिकवर बारीक खाचा उठवतात आणि वर ॲल्युमिनियमचा पातळ थर देतात. लग्नाची सीडी स्टुडिओत संगणकावर 'राइट' केलेली असते. तिच्यात खाचा नसतात, एका रंगाचा थर असतो, आणि लेझरचा किरण तो रंग ठिकठिकाणी भाजून खुणा करतो. रंग म्हटला की तो उडणार. ऊन, उष्णता, दमट हवा ह्यांनी तो फिका होत जातो आणि मग यंत्राला खुणा दिसेनाशा होतात. पुस्तक आणि शाईनं लिहिलेलं पत्र यांत जो फरक, तोच हा. पुस्तकाच्या हजार प्रती निघालेल्या असतात. पत्राची एकच, आणि शाई तीच आधी उडते.

ओळखायची युक्ती सोपी आहे. सीडी उलटी करून उजेडात धरा. चांदीसारखी स्वच्छ दिसली तर बहुधा छापील. जांभळट, निळसर किंवा हिरवट झाक दिसली तर लिहिलेली. ह्या दुसऱ्या जातीच्या आधी वेगळ्या काढा. सिनेमा राहिला तर राहू दे, तो कुणाकडे तरी सापडेल. तुमच्या आत्याचं लग्न दुसऱ्या कुणाकडे सापडणार नाही.

आणखी एक गोष्ट मला आयुष्यभर उलटी वाटत होती. आपण सीडीची चकचकीत बाजू जपतो आणि चित्राची बाजू खुशाल टेबलावर घासतो. साध्या सीडीत आणि व्हीसीडीत माहितीचा थर चित्राच्या बाजूलाच, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. चकचकीत बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक आहे, तिथला ओरखडा पुष्कळदा निभावतो. चित्राच्या बाजूला टोकदार पेननं नाव लिहिलं की थेट मजकुरावरच नांगर फिरतो. डीव्हीडीत माहिती दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असते, ती जरा सुरक्षित. पण तिच्या ओळी जास्त दाट असतात. सीडीच्या दोन ओळींत १.६ मायक्रॉनचं अंतर, डीव्हीडीत ०.७४. म्हणून बोटाचा तेलकट ठसाही तिला बाधतो. पुसायची झाली तर मऊ सुती कापडानं, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. टूथपेस्टनं सीडी घासायचा घरगुती उपाय मी २००५च्या सुमारास केला होता. सीडीला वास चांगला आला, एवढंच.

व्हीसीडीचं एक अधिक दुखणं आहे. साध्या सीडीवर मजकुराबरोबर चुका दुरुस्त करणारी जादा माहितीही लिहिलेली असते, एखादा ठिपका गेला तर यंत्र ती वापरून भर घालतं. तासाभराहून जास्त सिनेमा मावावा म्हणून व्हीसीडी बनवणाऱ्यांनी त्या जादा माहितीतला एक थर गाळून टाकला आणि ती जागा चित्राला दिली. म्हणून एकाच वयाच्या दोन सीड्यांत संगणकाच्या फायलींची चालते आणि सिनेमाची अडखळते. हिंदी सिनेमा तेव्हा दोन-दोन, तीन-तीन व्हीसीडींत यायचा आणि ऐन मारामारीत सीडी बदलायला उठावं लागायचं, तरी जागा पुरत नसे.

आता हे सगळं ठेवायचं कुठं? इथं 'मिडिया सर्व्हर' हा शब्द येतो. भाच्यानं तो उच्चारला तेव्हा मी घाबरलो. मग लक्षात आलं, सर्व्हर म्हणजे वाढपी. स्वयंपाकघरात एकदा रांधून ठेवायचं आणि ज्याला जे हवं ते त्याच्या पानात वाढायचं. घरात एक संगणक कोपऱ्यात चालू असतो, त्याच्या हार्ड डिस्कवर सगळ्या सीड्यांच्या प्रती असतात, आणि घरातल्या वाय-फायवरून टीव्ही, मोबाइल, जो मागेल त्याला तो पुरवतो. एकाच वेळी अम्मा आत लग्न बघते आणि बाहेर नातवंडं कार्टून बघतात, भांडण नाही. ह्याला इंटरनेटही लागत नाही, घरातला राउटर पुरतो.

त्यासाठी नवं काही फारसं घ्यावं लागलं नाही. मुलीचा जुना लॅपटॉप पडून होता, स्क्रीनला तडा गेलेला. वाढप्याला चेहरा कशाला हवा? आमचा लॅपटॉप सुमारे पंधरा वॅट वीज खातो, म्हणजे रात्रंदिवस चालला तरी महिन्याला अकरा युनिटच्या आत. वीज गेली तर त्याची बॅटरी थोडा वेळ तग धरते, हा जुन्या लॅपटॉपचा फायदा. मात्र बॅटरी फुगलेली असेल तर ती काढूनच टाका. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची फटच नसते, तेव्हा तारेनं जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, तो एक घेतला. हार्ड डिस्क किती मोठी? एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, व्हीसीडीत पाऊण जीबीच्या आसपास. आमच्या सगळ्याच सीड्या घातल्या असत्या तरी एक टीबीत बसल्या असत्या. आम्ही दोन टीबीची घेतली. वाढप्याचं काम करणारे प्रोग्राम बरेच आहेत, प्लेक्स त्यातलाच एक. आम्ही जेलीफिन घेतला, कारण तो मोफत आहे आणि त्याला कुठल्या कंपनीकडे खातं उघडावं लागत नाही.

प्रत करायची रीत अशी. व्हीसीडीत एका फोल्डरमध्ये डीएटी नावाची मोठी फाइल असते, तीच सिनेमा. ती उचलून हार्ड डिस्कवर ठेवली की बहुतेक काम झालं, व्हीएलसी हा प्रोग्राम ती तशीच चालवतो. डीव्हीडीची आधी अख्खी प्रतिमा घ्यावी, तिला आयएसओ म्हणतात, म्हणजे सीडीचा हुबेहूब ठसा. मग त्या ठशावरून टीव्हीला सोयीची फाइल करता येते. जागा वाचवायला आकार लहान करायचा मोह होतो. घरच्या सीड्यांच्या बाबतीत तो टाळा. लहान करताना चित्राचा काही भाग कायमचा टाकला जातो, आणि तुमच्याकडे टाकण्याइतकं मुळात नाहीच. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. आजच्या फोर-के टीव्हीवर त्याच्या ऐंशी पट ठिपके असतात. त्यामुळे जुनं लग्न मोठ्या टीव्हीवर पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. कृत्रिम बुद्धिमत्तेनं ते लख्ख करून देणारे प्रोग्राम आता आलेत. आम्ही एक करून पाहिला. अब्बांचे डोळे ठळक झाले, दाढीचा केस न् केस दिसू लागला, आणि तो माणूस अब्बा राहिला नाही. अम्मा म्हणाली, "ये कोन?" आम्ही ती फाइल पुसली.

सिनेमाच्या सीड्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. विकतच्या बहुतेक डीव्हीडींना कुलूप असतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, आणि हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडणं हा गुन्हा ठरला. मी वकील नाही. मी माझ्यापुरतं असं ठरवलं की कुलूपबंद सीड्या सीडी म्हणूनच बघायच्या. व्हीसीडीला कुलूप नसतं, त्यातले काही मराठी सिनेमे, जे आता शोधूनही मिळत नाहीत, घरापुरते ठेवले. ते पेनड्राइव्हवर भरून गल्लीत वाटणं मात्र सरळ बेकायदा आहे, आणि ज्यानं आयुष्यात चार ओळी लिहून मानधनाची वाट पाहिली आहे त्याला ते पटणारही नाही.

तर ती अडकलेली सीडी. नेहमीची 'कॉपी' पहिल्या न वाचलेल्या जागी येऊन थांबते आणि हात वर करते. भाच्यानं डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम शोधला. त्याची पद्धत जुन्या वसुली कारकुनाची आहे. पहिल्या फेरीत जे सहज देतात त्यांच्याकडून घ्यायचं, जे देत नाहीत त्यांच्या दारात न थांबता वहीत नाव टिपायचं आणि पुढं जायचं. मग वही घेऊन फक्त त्या दारांवर पुन्हा पुन्हा जायचं. रात्रभर यंत्र घुर्र घुर्र करत होतं. सकाळी ४.३ जीबीपैकी ३८ एमबी यायचे बाकी होते. ऐकायला किरकोळ, पण डीव्हीडीच्या हिशेबानं ते जवळजवळ एक मिनिट, आणि मिनिट नेमकं तेच. वेगवेगळे ड्राइव्ह वेगवेगळं वाचतात म्हणून शेजाऱ्यांचा जुना संगणक आणला. त्यानं आणखी सात एमबी दिले. गाणं संपताना ऐकू येऊ लागलं, पुढं काही नाही.

मग बहिणीच्या सासूबाईंना आठवलं की स्टुडिओवाल्यानं मुलाकडच्यांनाही एक जोडी दिली होती. ती इचलकरंजीत लोखंडी पेटीत निघाली. ती दुसऱ्या जागी खराब झालेली होती, सुरुवातीलाच अडखळत होती. पण दोन्ही सीड्या एकाच मूळ प्रतीवरून काढलेल्या, त्यामुळे कारकुनाच्या त्याच वहीवर दुसरी सीडी लावता येते. पहिलीनं जे दिलं नाही तेवढंच दुसरीकडे मागायचं. तासाभरात वही जवळजवळ कोरी झाली. दहा-बारा ठिपके राहिले, ते चित्रात शोधूनही सापडत नाहीत. भाच्यानं कानाला लावलेला हेडफोन काढून माझ्या हातात दिला. तो काही बोलला नाही, मीही नाही. मग टीव्हीला लावून सगळ्यांनी ऐकलं, पाच-सहा वेळा.

म्हणून म्हणतो, तुमची सीडी गेली तर पहिल्यांदा व्याह्यांना फोन करा.

प्रती किती ठेवाव्यात याचा जाणकारांचा ठोकताळा आहे. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. सर्व्हरवर आहे म्हणजे सुरक्षित आहे असं नाही. हार्ड डिस्क हे फिरणारं यंत्र आहे, एक दिवस बंद पडणारच. आम्हा सांगलीकरांना 'घराबाहेर' हे कलम समजावून सांगावं लागत नाही. २००५ साली कृष्णा आली, ऑगस्ट २०१९मध्ये तर त्याहून वर आली. ओळखीच्या कितीतरी घरांतले अल्बम चिखलातून काढून लोकांनी गच्चीवर वाळत घातलेले मी पाहिले आहेत, फोटो एकमेकांना चिकटून गेलेले. आमच्या पिशव्या माडीवर होत्या म्हणून वाचल्या. तेव्हा एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी तीच फायलींची प्रत कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर, तार काढून, मूळ सीड्या सावलीत, उभ्या. तिसरी इचलकरंजीला ठेवणार होतो, तर बहीण म्हणाली, "भाईजान, आमच्याकडे पंचगंगा आहे." शेवटी ती जतला थोरल्या भावाकडे गेली. जतला पुराचं भय नाही, तिथं लोक पाण्याचीच वाट बघत असतात. वर्षातून एकदा सगळ्या डिस्क लावून बघायच्या असं ठरलंय.

ज्यांच्या एकच प्रतीवर भिस्त होती त्यांचं काय होतं हे सिनेमाच्या इतिहासातही आहे. १९३१ सालचा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, आज त्याची एकही प्रत सापडत नाही. पोस्टर आणि फोटो आहेत, सिनेमा नाही.

आता नावांचं. फायलींना नावं देताना आमचा पहिला दिवस फुकट गेला. सर्व्हर फाइलचं नाव वाचून इंटरनेटवरून त्या सिनेमाचं पोस्टर, साल, नटांची नावं आणतो. सिनेमाला हे छान. आम्ही लग्नाच्या फाइलला नुसतं 'शादी' नाव दिलं, तर वाढप्यानं त्यावर हातात पिस्तूल घेतलेल्या कुठल्याशा परदेशी माणसाचं पोस्टर लावलं. मेहुण्यांना ते फार आवडलं. घरच्या चित्रफितींसाठी वेगळा विभाग करता येतो, त्यात तो इंटरनेटला विचारायला जात नाही. नावात आधी साल, महिना, मग प्रसंग, मग गाव लिहिलं की सगळं आपोआप क्रमानं लागतं.

पण त्या चार तासांत शे-दीडशे माणसं दिसतात. ती कोण, हे इंटरनेट सांगत नाही, मलाही निम्मीच माहीत. अम्मा ब्याऐंशीची आहे. तिला रोज संध्याकाळी तासभर बसवतो, टीव्हीवर चित्र थांबवतो आणि विचारतो. "इनो तेरे चाचा के साडू, मिरजवाले." "ये नळावरची शेजारीण, हिनं तुला कडेवर फिरवलाय." भाचा मिनिट-सेकंदासकट वहीत लिहितो, मग फाइलशेजारी टंकून ठेवतो. कधी कधी अम्मा एकाच माणसाला दोन दिवशी दोन नावं सांगते. तेव्हा दोन्ही लिहितो. सीड्यांची कॉपी आठ दिवसांत झाली, हे काम तीन महिने चाललंय आणि दुसरी डीव्हीडी अजून अर्धी आहे. मी हे दहा वर्षांपूर्वी सुरू करायला हवं होतं. तेव्हा मोठी खाला होती, तिला मुलाकडची मंडळीही माहीत होती.

अब्बा ओरडतात तेव्हा त्यांच्यासमोरून निळ्या शर्टातला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा जग घेऊन पळत जातो. पाणी त्यालाच द्यायला सांगितलंय हे स्पष्ट दिसतं. अम्माला तो आठवत नाही. इचलकरंजीचे म्हणतात आमच्याकडचा नव्हे, आचाऱ्याबरोबर आला असेल. आचारी वारला. भाच्यानं तूर्त 'निळा शर्ट, नाव बाकी' एवढं लिहून ठेवलंय.